आमची वाटचाल: सोलेक्सपासून वेबरपर्यंत

आमच्या वर्कशॉपचं काम सुरू झालं जीप आणि प्रीमियर पद्मिनीच्या सोलेक्सवर, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या सोलेक्स कार्बोरेटरवर. वणी-मारेगावकडचे कास्तकार, जिनिंगवाले हे गिऱ्हाईक. मागणी एकच, गाडी एका सेल्फला सुरू व्हावी. एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शन) आल्यावर कार्बोरेटर खोलणारे मिस्त्री कमी झाले आणि जुन्या गाड्या हौसेने पळवणारे नागपूर-चंद्रपूरहून येऊ लागले. त्यांचा पहिला हट्ट असतो, मोठा कार्बोरेटर बसवा.

तो आम्ही सहसा बसवत नाही. रस्त्यावरची गाडी बहुतेक वेळ अर्ध्याहून कमी थ्रॉटलवर चालते. व्हेंच्युरी, म्हणजे कार्बोरेटरमधला हवेचा अरुंद गळा, मोठी असली की तिथे हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट ओढलं जात नाही आणि रेस दिली की गाडी आधी दम तोडते. पद्मिनीच्या १०८९ सीसीला म्हणून आधी वेबर ३२/३६ डीजीव्ही हा दोन बॅरलचा (हवेच्या दोन नळ्यांचा) कार्बोरेटर, अडॅप्टर प्लेट लावून. रोजची चाल २६ मिमी व्हेंच्युरीच्या पहिल्या बॅरलवर निघते. २७ चा दुसरा बॅरल पाय बराच खाली गेल्यावरच उघडतो.

वेबरच्याच ४० डीसीओई कार्बोरेटरची जोडी हवीच असेल तर चोक ट्यूब, म्हणजे व्हेंच्युरीची नळी, २८ मिमीची. चोक गुणिले ४ हा मेन जेटचा (पेट्रोलच्या मुख्य भोकाचा, शंभरांश मिलिमीटरमध्ये) अंदाज, म्हणजे ११२. सुरुवात ११५ ने. यात प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा आयडल जेट (सावकाश चालीचं पेट्रोल देणारा), भोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. कचरा आधी तिथेच अडकतो. गाडी सावकाश चालताना एका सिलिंडरवर मिस मारते, रेस दिली की साफ होते. जेटमध्ये तार घालायची नाही, भोक मोठं होतं, हवा मारायची.

एसयू कार्बोरेटरमध्ये हवेची वाट कमी-जास्त करणारा पिस्टन गरजेपुरता वर येतो, त्यामुळे खालचा पिकअप गोड. पिस्टनची हालचाल मंद ठेवणाऱ्या डॅशपॉटमध्ये एसएई २० तेल लागतं. पातळ घातलं तर पिस्टन झटकन उचलतो, मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. आमच्या धुळीत तो अडकतोही: बोटाने उचलून सोडला की खाली टक्क आवाज आला पाहिजे.

ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मुळे सगळीच जुनी सेटिंग हलली. पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. त्यामुळे १२० चा जेट आम्ही १२५ करतो. आठ-साडेआठ टक्के क्षेत्रफळ वाढतं, तेवढं पुरतं. मे महिन्यात ४५ अंशांत हवा पातळ असल्याने हा फरक थोडा झाकला जातो, डिसेंबरच्या सकाळी गाडी लीन असल्याचं कळतं. ट्यूनिंगला हिवाळ्यात आणा, असं सांगतो ते यासाठी. जुने रबरी होज मात्र लगेच बदलावेत, इथेनॉलने ते फुगतात.

उन्हाळ्यात गरम इंजिन बंद केल्यावर फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्बोरेटरच्या छोट्या टाकीतलं, पेट्रोल उकळतं. मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटरमध्ये ६ मिमीचा बेकेलाइट स्पेसर घालतो, पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपापासून दूर नेतो. इलेक्ट्रिक पंप लावलेला असेल तर प्रेशर ३ पीएसआयच्या आसपास हवं; जास्त झालं की पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई सीटवरून उचलते आणि ओव्हरफ्लो सुरू. रेग्युलेटर नसलेली अशी गाडी आम्ही ट्यूनिंगला घेत नाही.