केरीची बोट, बुशचं विमान आणि टीव्हीवाले

मीडिया बायस म्हटलं की आपल्याकडे लगेच अमुक चॅनेल विकलं गेलंय, तमुक पेपर त्यांच्या खिशात आहे असं सुरू होतं. मला मात्र या विषयावर २००४ ची अमेरिकन निवडणूक आठवते, कारण त्या एका वर्षात दोन्ही उमेदवारांच्या, म्हणजे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश आणि डेमोक्रॅट जॉन केरी यांच्या, मिलिटरी रेकॉर्डवरून राडा झाला आणि दोन्ही वेळा मीडियाने माती खाल्ली, ती पण वेगवेगळ्या पद्धतीने.

मी तेव्हा ओहायोत नोकरीला होतो. मत नव्हतं, पण जाहिराती फुल्ल. जॉन केरी व्हिएतनामला नेव्हीच्या स्विफ्ट बोटीवर (गस्तीची छोटी बोट) चारेक महिने होता, शौर्याची सिल्व्हर स्टार आणि ब्राँझ स्टार ही मेडल्स आणि जखमी झाल्याबद्दलची तीन पर्पल हार्ट घेऊन परत आला आणि १९७१ ला सिनेटच्या कमिटीसमोर त्याच युद्धाविरुद्ध साक्ष दिली. जुन्या सैनिकांपैकी बऱ्याच जणांना ते कधीच पचलं नाही, आणि खरं भांडण तिथलं होतं. पण ऑगस्टमध्ये स्विफ्ट बोट व्हेटरन्स फॉर ट्रुथ या केरीविरोधी माजी सैनिकांच्या ग्रुपची पहिली जाहिरात आली ती मेडलवर, की हा माणूस पराक्रमाबद्दल खोटं बोलतोय.

जाहिरात लागली कुठे, तर ओहायो, विस्कॉन्सिन आणि वेस्ट व्हर्जिनिया, बस. खर्च साधारण ५ लाख डॉलर, म्हणजे अमेरिकन प्रचारात चहापाण्याचे पैसे. बाकी देशाला ती केबल न्यूजवाल्यांनी फुकटात दाखवली, दिवसरात्र! एक पाहुणा म्हणणार केरी खोटारडा, दुसरा म्हणणार अजिबात नाही, मग अँकर म्हणणार वेळ संपली, आणि ब्रेकनंतर परत तेच. अरे पण कागद होते ना बाबांनो. त्या ग्रुपमधला लॅरी थर्लो सांगत होता की ब्राँझ स्टारच्या दिवशी शत्रूचा गोळीबार झालाच नाही. वॉशिंग्टन पोस्टने त्याच घटनेसाठी त्यालाच मिळालेल्या ब्राँझ स्टारचं मानपत्र काढलं, तर त्यात गोळीबाराचा उल्लेख होता. त्या दिवशी केरीने ज्याला पाण्यातून वर ओढला तो जिम रॅसमन रिपब्लिकन, आणि तो केरीच्या बाजूने बोलत होता. सिल्व्हर स्टारच्या वेळी बाजूची बोट चालवणारा विल्यम रूड पुढे शिकागो ट्रिब्यूनमध्ये संपादक झालेला, इतकी वर्षं गप्प असलेल्या त्याने शेवटी स्वतः लिहिलं. पण हे सगळं येईपर्यंत दोनेक आठवडे गेले होते.

केरी काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. १९६८ च्या ख्रिसमसला आपण कंबोडियात होतो असं तो वर्षानुवर्षं सांगायचा, आणि ऑगस्टमध्ये त्याच्या टीमला ते मागे घ्यावं लागलं. मोठ्या पेपरांनी त्यावर फार उत्साह दाखवला नाही, रिपब्लिकन लोकांची ही तक्रार मला रास्त वाटते.

आता बुश. मे १९६८ ला, वडील ह्यूस्टनचे काँग्रेसमन असताना, टेक्सास एअर नॅशनल गार्डमध्ये (राज्याचं अर्धवेळ हवाई दल, तिथे गेलं की व्हिएतनामला जायची वेळ सहसा येत नसे) जागा मिळाली, एफ-१०२ विमान उडवलं, १९७२ ला एका सिनेट उमेदवाराच्या प्रचारासाठी अलाबामाला गेला, वैमानिकाची मेडिकल दिली नाही म्हणून उड्डाण बंद झालं. मधले काही महिने ड्यूटीवर होता का, हा प्रश्न बॉस्टन ग्लोबने २००० मध्येच विचारला होता. प्रश्न खणखणीत होता, कागद तपासून नीट बातमी करता आली असती.

पण सीबीएस या टीव्ही नेटवर्कला घाई. ८ सप्टेंबरला त्यांचा अँकर डॅन रॅदरने बुशचा गार्डमधला वरिष्ठ किलियन याचे १९७२-७३ चे म्हणून बुशवर ठपका ठेवणारे मेमो दाखवले. किलियन १९८४ लाच वारलेला, विचारणार कुणाला! त्याच रात्री इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं की हा फाँट टाइपरायटरचा वाटत नाही. मग एका ब्लॉगरने तोच मजकूर मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये, एकही सेटिंग न बदलता टाइप केला आणि दोन्ही एकावर एक ठेवले तर जवळजवळ तंतोतंत. तरी सीबीएस अडून बसलं आणि २० तारखेला माफी. किलियनच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या की हे मी टाइप केलेले नाहीत पण मजकूर खरा आहे, तोपर्यंत ऐकायच्या मूडमध्ये कोण होतं? अलाबामाचा प्रश्न फाँटखाली गाडला गेला. बुशच्या प्रचारवाल्यांना एवढं भारी काम पैसे देऊनही जमलं नसतं.

सीबीएसच्या चौकशी समितीनेही घाईवरच बोट ठेवलं, राजकीय हेतू होता असं ती म्हणाली नाही. निर्माती मेरी मेप्सला काढलं, अजून तिघांना राजीनामे द्यायला सांगितले, रॅदरने मार्च २००५ मध्ये अँकरची खुर्ची सोडली. ठीकच झालं. पण जाहिरात फुकट वाजवून प्रत्येक गोष्टीला 'दोन बाजू' करणाऱ्या चॅनेलवाल्यांवर कुणी समिती नेमली नाही, आणि माझ्या मते जास्त नुकसान त्यांनी केलं, कारण खोटा कागद पकडता येतो पण 'दोघांचं म्हणणं ऐकवलं' यात पकडणार काय?

स्विफ्ट बोटवाल्यांचा सल्लागार होता ख्रिस लासिव्हिटा. २०२४ मध्ये तो ट्रम्पच्या प्रचाराचा सहप्रमुख होता, आणि डेमोक्रॅट्सचा उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार म्हणून टिम वॉल्झचं नाव जाहीर झाल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याच्या नॅशनल गार्डच्या २४ वर्षांवर हल्ला सुरू झाला. वॉल्झनेही युद्धात शस्त्र वापरल्यासारखं बोलून आयता मुद्दा दिला होता म्हणा.