फोन काढेपर्यंत

मागच्या रविवारी ठकीने मिठाईच्या कागदी पिशवीत डोकं घातलं. पिशवीचा बंद गळ्यात अडकला आणि पुढची दोन मिनिटं आमच्या नौपाड्यातल्या घरात एक पिशवी सैरावैरा धावत होती. दिवाणाखाली गेली, तिथून नानांच्या पायांमधून (नानांनी चक्क उडी मारली, वय वर्षं एक्याऐंशी), मग शिवणयंत्राखालून गॅलरीत. तिथे कपड्यांचा स्टँड आडवा झाला. मी हसत हसत फोन शोधत होते. तो चार्जिंगला होता. ओढून काढला, तर हाताला कणीक, त्यामुळे अंगठा ओळखेना. आकडे टाकले. कॅमेरा उघडला, तो नेहमीप्रमाणे सेल्फीवर. स्क्रीनवर माझाच घामेजलेला चेहरा. कॅमेरा फिरवेपर्यंत पिशवी सुटली होती, आणि ठकी दिवाणावर बसून मागचा पाय आकाशाकडे करून तो सावकाश चाटत होती. माझ्याकडे जे चित्रण आहे ते त्या पायाचं आहे. बावीस सेकंद.

असे ६१४ व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहेत. ‘जागा संपली’ म्हणून फोन रोज रडतो, पण मी एकही काढून टाकत नाही. त्यातल्या बहुतेकांत खोडी होऊन गेल्यानंतरची शांतता आहे. लादीवर फुटलेला कप, आणि शेजारी कपाशी आपला काही संबंध नसलेलं मांजर. उरलेल्यांत मांजर नाहीच, पडद्याची हललेली कड आहे आणि माझा आवाज आहे: “थांब थांब थांब, अगं एकदा कर ना परत.” मांजराला ‘परत कर’ म्हणणं म्हणजे लोकलला ‘जरा मागे घे’ म्हणण्यासारखं आहे, हे कळायला मला चार वर्षं लागली.

चार वर्षांपूर्वी जुलैत ती आली. जिन्याखाली मीटरच्या पेटीवर काळ्या-पांढऱ्या-केशरी रंगाचा एक ओला बोळा बसला होता. पहिल्या मजल्यावरचे काका छातीठोकपणे म्हणाले, बोका आहे. नाना वरून म्हणाले, “तिरंगी आहे ना? मग मादी.” नाना शाळेत विज्ञान शिकवायचे, निवृत्त झाले तरी तास संपलेला नाही. केशरी की काळं हे ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, दोन्ही रंग एकाच अंगावर यायचे तर एक्स दोन लागतात, म्हणून तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच, असं त्यांनी जिन्यातच समजावून सांगितलं. आणि त्याच दमात जाहीर केलं, की हे जनावर उंबऱ्याच्या आत नको.

आठवडाभरात ते ‘स्वयंपाकघरात नको’ झालं. महिन्यात ‘ओट्यावर नको’. सध्या ‘माझ्या उशीवर नको’ इथे गाडी थांबली आहे. सरहद्द सरकत गेली, आवाज मात्र तोच राहिला. नाना अजूनही तिला नावाने हाक मारत नाहीत. ‘ते’ म्हणतात. “ते आलंय बघा,” “ते बसलंय माझ्या पेपरावर.”

ठकीचा मुख्य धंदा वस्तू खाली पाडणं. आणि हे धांदरटपणातून होत नाही, पद्धत आहे. आधी ती टेबलावर चमच्याशेजारी बसते. शेपूट पायांभोवती नीट गुंडाळते. मग एक पंजा उचलून चमच्यावर ठेवते, अगदी हलका, ताप बघावा तसा. तुमच्याकडे बघते. चमचा बोटभर सरकवते. पुन्हा बघते. तुम्ही “ठके!” म्हणालात की पंजा उचलून चाटायला लागते, जणू तो चाटण्यासाठीच उचलला होता. तुम्ही मान वळवलीत की खणकन आवाज. हे सगळं कॅमेऱ्यात पकडायचं म्हणून मी एकदा पाऊण तास फोन धरून बसले. त्या पाऊण तासात ठकी डोळे मिटून, छातीखाली पंजे दुमडून, अशी बसली की समोर समई लावावी. करून करून भागली आणि देवपूजेला लागली. शेवटी माझ्या हाताला मुंग्या आल्या, फोन टेबलावर ठेवला. तिने फोन पाडला.

या वेडात मी एकटी नाही, आणि हे वेड आजचंही नाही. माणसाच्या हाती हलतं चित्र आलं आणि त्याने लगेच मांजर धरून आणलं. एडिसनच्या न्यू जर्सीतल्या स्टुडिओत १८९४ साली दोन मांजरांना मुठीएवढे हातमोजे घालून छोट्याशा रिंगणात उभं केलं होतं. काही सेकंदांची ती फिल्म आजही बघायला मिळते. मांजरं ठोसे मारतात आणि मागे त्यांच्या मालकाचं डोकं दिसतं. (मालकाला वाटत असेल आपण दिसत नाही. माझ्या व्हिडिओंत माझा गाउन दिसतो तसंच ते.) आणि यूट्यूब सुरू झालं त्याच २००५ साली त्याच्या तीन संस्थापकांपैकी स्टीव्ह चेन यांनी आपल्या मांजराचा एक व्हिडिओ तिथे चढवला. म्हणजे दुकान उघडल्या उघडल्या गल्ल्यावर मांजर.

पण १८९४ मधलीच दुसरी एक गोष्ट मला नानांकडून कळली, तीही जेवताना. ठकी माळ्यावरून पडली होती. माळ्यावर दिवाळीच्या कंदिलाचं खोकं आहे, ते तिचं माहेर. तिथून पाठीवर सुटली आणि चार पायांवर उतरली, मधे काय झालं ते कुणालाच दिसलं नाही. मुलगा म्हणाला, “शेपटीने वळली असणार.” नानांनी पोळीचा घास खाली ठेवला. मला तेव्हाच कळलं की आता आमटी गार होणार.

पॅरिसमध्ये एत्येन-ज्यूल मारे नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. हलत्या गोष्टीची लागोपाठ छायाचित्रं घेणारा कॅमेरा त्यांनी बनवला होता. त्यांनी मांजर उलटं धरून सोडलं आणि पडतानाचे टप्पे टिपले. ती चित्रं १८९४ साली छापून आली तेव्हा भल्याभल्यांची पंचाईत झाली, कारण हवेत रेटा द्यायला काहीच नसताना वळायचं कशाच्या आधारावर? “कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, शून्य आहे,” नाना म्हणाले, “तो शून्यच राहिला पाहिजे.” मग त्यांनी खांद्यावरचा पंचा घेतला, दोन्ही टोकांना धरून मधे वाकवला आणि दाखवलं. मांजर कमरेत दुमडतं. पुढचे पाय पोटाशी घेतं, मागचे लांब करतं. पुढचा भाग आखडलेला, म्हणून तो झटकन वळतो. मागचा पसरलेला, म्हणून तो उलट दिशेला अगदी थोडाच फिरतो. मग पाळी बदलते. पुढचे पाय लांब, मागचे आत, आणि मागचा भाग वळतो. जमाखर्च शून्य, मांजर सुलटं. शेपूट मदत करते, पण बिनशेपटीचं मांजरही वळतं. पंचा ताटात पडला. ठकी दारात बसून बघत होती. “यांना हे शिकवावं लागत नाही,” नाना पंचा झटकत म्हणाले. चार वर्षांतली तिची ही पहिली जाहीर स्तुती, तीही आदरार्थी बहुवचनात.

(गॅलरीला कबुतरजाळी मात्र आम्ही दुसऱ्याच दिवशी लावून घेतली. भौतिकशास्त्रावर विश्वास आहे, पण तिसरा मजला आहे.)

त्यानंतर चिरंजीवांनी मला फोनमधलं स्लो मोशन दाखवलं. सेकंदाला २४० चित्रं. यातही आपल्या आधी कुणीतरी हात धुऊन घेतलेले आहेतच. अमेरिकेत एमआयटीतले रोमन स्टॉकर नावाचे संशोधक एका सकाळी नाश्ता करताना आपल्या मांजराला पाणी पिताना बघत होते. त्यांना प्रश्न पडला, हे नेमकं पितं कसं? हनुवटी तर कोरडी. मग भारी कॅमेरे लावून, सहकाऱ्यांबरोबर मोजमाप करून, २०१० साली ते संशोधन ‘सायन्स’मध्ये छापून आलं. मांजराचं नाव होतं कुत्ता कुत्ता. खोटं नाही सांगत. तिकडे त्याचा अर्थ वेगळा आहे म्हणे, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या एका भाषेत ‘तारे’. पण इकडे आमच्या घरात अर्धा तास कुणाला बोलता येत नव्हतं.

तर आम्ही वाटीत पाणी ठेवून ठकीला टिपलं, आणि ६१४ मधला हा एक व्हिडिओ खरोखर बघण्यासारखा आहे. जीभ बाहेर येते ती टोकाशी खाली-मागे वळलेली. आपल्याला वाटतं ती पळीसारखं पाणी उपसत असेल. नाही. वळलेल्या टोकाची वरची बाजू पाण्याला नुसती टेकते, पोळीला तुपाचं बोट लागावं इतकीच, आणि झटक्याने वर जाते. तिच्यामागे पाण्याची एक बारीक उभी धार ओढली जाते. ती धार वजनाने खाली कोसळायच्या आत ठकी तोंड मिटते. हे सेकंदाला तीन-चारदा. मिशीवर थेंब नाही. आमच्या घरात पाणी पिताना शर्ट ओला न करणारी ती एकटीच.

मी तो व्हिडिओ मोठ्या अभिमानाने ‘गोतावळा’ या आमच्या सासरच्या ग्रुपवर टाकला. पहिलं उत्तर डोंबिवलीच्या मावससासूबाईंचं: “मागे ओट्यावर ते डाग कसले गं?” दुसरं त्यांच्या सुनेचं: “वाटी आमच्याकडची आहे ना? मुंजीनंतर एक कमी भरत होती.” तिसऱ्याने नमस्काराचा हात पाठवला, तो कुणाला ते कळलं नाही. तेव्हापासून मी ठकीचं काहीही टाकण्याआधी मागची भिंत, ओटा, दोरीवरचे कपडे आणि भांड्यांची मालकी तपासते.

पावसाळ्यात ठकीचं पोट बिघडलं. जनावरांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, दूध देता का? आम्ही मांजराला दूध देणारच, चित्रातसुद्धा मांजरापुढे बशी असते. ते म्हणाले, तेच बंद करा. पिल्लू मोठं झालं की दुधातली साखर पचवण्याची ताकद बऱ्याच मांजरांत कमी होत जाते. गोडाची तर त्यांना चवही कळत नाही, ओढ असते ती स्निग्धाची. घरी येऊन मी फर्मान काढलं: दूध बंद, दही बंद, साय तर नाहीच. नानांनी मान डोलावली. “बरोबर आहे. त्या जनावराचे लाड फार झालेत.”

दूध बंद झालं, पोट काही थांबेना. त्यात फ्रीजमधली साय कमी व्हायला लागली. मी आठवडाभराची साय पितळी डब्यात साठवते, शनिवारी विरजण लावते, रविवारी लोणी. दोन रविवार लोणी मुठीएवढंच निघालं. फ्रीज उघडणारं मांजर मी मोबाइलवर पाहिलेलं होतं. हे जर ठकी करत असेल तर पोटाची काळजी होतीच, पण खरं सांगते, त्याहून जास्त मला तो व्हिडिओ हवा होता.

बुधवारी दुपारी फोन ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून, फ्रीज दिसेल असा उभा केला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि गावदेवीला भाजी आणायला गेले. फोन घरी ठेवून भाजी आणणं हा आजच्या काळातला केवढा त्याग आहे, हे सुट्टे पैसे मागणाऱ्या भाजीवालीच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

परत आले तर फोन जागच्या जागी. पंचेचाळीस मिनिटांचं चित्रण. कॅमेरा सेल्फीचाच चालू राहिला होता, पण तो फ्रीजकडेच बघत होता, त्यामुळे बिघडलं नाही. पहिली सहा मिनिटं फ्रीज. मग खालून एक कान उगवतो. मग नाक, फोनला इतकं जवळ की काच धूसर होते. मग पंजा. जग कलंडतं, आणि फोन पाठीवर आडवा होतो. त्यानंतर फक्त छत. ट्यूबलाइट, आणि कोपऱ्यात दोरखंडासारखं लोंबणारं कोळ्याचं जाळं, जे मला आजवर दिसलं नव्हतं. मी पुढे ढकलणार होते, तेवढ्यात सपाता वाजल्या.

फ्रीजचं दार. डब्याचं झाकण. वाटीत चमचा.

“हो हो, ओरडू नकोस. ती गावदेवीला गेलीय, अर्धा तास येत नाही.” मग थोडा वेळ नुसता चाटण्याचा आवाज. “हळू गं, ठके. ठसका लागेल.”

मग छत झाकलं गेलं आणि नाना आले, वाकलेले, चष्मा कपाळावर, बोटाला साय. “हा फोन असा आडवा का पडलाय,” ते स्वतःशीच म्हणाले, आणि त्यांनी तो पदराखाली दिवा धरावा तसा जपून उचलून साखरेच्या डब्याला पुन्हा टेकवला. त्यापुढे तीन मिनिटं स्पष्ट दिसतं. नाना वाटी घासतायत. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली. नानांना भांडं घासताना मी पहिल्यांदा पाहिलं. घासून पुसली, जागेवर ठेवली, ओट्यावरचा ठिपका पंच्याच्या टोकाने टिपला, आणि खाली बघून पायाशी कुणाला तरी म्हणाले, “चला, सुटा आता.”

संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांनीच विषय काढला. “त्या जनावराचं पोट कसं आहे?”

“आहे तसंच.”

“दूध-बिध कुणी देत तर नाही ना?” पेपरामागून आवाज आला. पेपरावर ठकी बसली होती, त्यामुळे पेपर अर्धाच वर होता.

“कोण देणार,” मी म्हटलं. “पण साय आता मी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या फ्रीजमध्ये ठेवतेय. आमच्या फ्रीजला थंडपणा कमी आहे.”

पेपर जरा हलला. ठकीने मान वर करून आधी नानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

व्हिडिओ क्रमांक ६१५. मुलगा म्हणतो, हा तरी गोतावळ्यावर टाक, सगळ्यांना आवडेल. मी नाही टाकला. छताचं जाळं दिसतं त्यात.