जीआरईचे शब्द आणि बाबांचा बावटा

रत्नागिरीला मत्स्यविज्ञानाची पदवी घेतली आणि परदेशात एमएस करायचं म्हणून जीआरई या प्रवेश परीक्षेची तयारी सुरू केली. गणिताचं काही वाटत नव्हतं, धास्ती होती ती व्हर्बलची, म्हणजे इंग्रजीच्या भागाची. शाळा मालवणात, मराठी माध्यमाची. पहिल्या सराव चाचणीत व्हर्बलला १४६ आले. हे गुण १३० पासून १७० पर्यंत असतात. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

मग शब्दांची यादी घेतली. रोज ४० शब्द, प्रत्येकासमोर एक अर्थ. आठवडाभरात निम्मे विसरायचे. पण खरे फसवे निघाले ते ओळखीचे शब्द. 'फ्लॅग' म्हणजे झेंडा, 'फाउंडर' म्हणजे संस्थापक, एवढंच मला ठाऊक. प्रत्यक्षात उत्साह 'फ्लॅग' होतो म्हणजे मावळतो. होडी 'फाउंडर' होते म्हणजे पाणी भरून बुडते. 'सँक्शन' तर मंजुरीही आणि निर्बंधही!

जूनमध्ये मासेमारी बंद असते. बाबा पडवीत जाळी दुरुस्त करत होते, मी बाजूला घोकत बसले होते. 'फ्लॅग'चा हा दुसरा अर्थ ऐकून ते म्हणाले, "बरोबरच आसा गो. वारो पडलो काय बावटो लोंबताच." तो शब्द मी पुन्हा कधी विसरले नाही.

त्याच रात्री नवी वही केली. 'एब'समोर ओहोटी नाही, आमची सुकती लिहिली. 'एनर्व्हेट' ऐकायला जोर देणारा वाटतो, पण अर्थ आहे जोर काढून घेणं. तिथे मे महिन्यातली दुपार. 'लॅकोनिक'समोर आमचे तांडेल (होडीचे प्रमुख), विचारलं तेवढंच बोलणारे. 'टॅसिटर्न' आणि 'रेटिसंट' त्यांच्याच शेजारी बसवले, कारण एका प्रकारच्या प्रश्नात सहांतून वाक्याला सारखाच अर्थ देणारे दोन पर्याय निवडायचे असतात आणि एक जरी चुकला तरी गुण शून्य. सुटा शब्द तिथे फार कामाला येत नाही.

ही परीक्षा घरूनही देता येते. पण पावसात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून ऑगस्टमध्ये कुडाळहून गाडी पकडून मुंबईचं केंद्र गाठलं. व्हर्बलचे दोन भाग: १८ मिनिटांत १२ प्रश्न, मग २३ मिनिटांत १५. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडला नाही.

पडद्यावर १५७ दिसले. बाहेर येऊन बाबांना फोन लावला, पण होडी समुद्रात होती. संध्याकाळी बंदराला लागल्यावर त्यांचाच आला.