काकूंचं जुनं कालनिर्णय

2018 चा मार्च. इंदूरच्या आमच्या छोट्याशा ऑफिसात मी लांब पल्ल्याच्या प्रवाशांच्या अंदाजाचं काम करत होते, म्हणजे इथली शहरी माणसं राज्याबाहेर जातात ती नेमकी कशासाठी. हाताशी एनएसएसच्या, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या, 72व्या फेरीचा पर्यटनाचा डेटा होता, जुलै 2014 ते जून 2015 चा, एकट्या इंदूरचा आकडा काढायला त्यातला नमुना पुरत नाही म्हणून सगळ्या मध्यप्रदेशचा शहरी भाग घेतला आणि मुक्कामाच्या ट्रिपांचं टेबल केलं. त्यात फिरायला आणि दवाखान्यासाठी जाणाऱ्यांचा वाटा भरपूर दिसत होता. क्लायंटला टूरच्या बस काढायच्या होत्या, त्यामुळे ते एकदम खूश.

त्याच दुपारी आमच्या स्वतःच्या सर्व्हेचा फॉर्म तपासायला रामबागेत गेले. पहिलंच घर मराठी, सत्तरीच्या काकू. विचारलं, वर्षभरात पर्यटनाला कुठे गेला होतात का? "छे गं, या गुडघ्यांनी कुठलं पर्यटन, मी कुठ्ठेच जात नाही." मी शून्य लिहिला. मग पोह्यांवर जीरावण मसाला घालता घालता त्या सहज बोलल्या की नातीच्या वेळेला दोन महिने पुण्यात होते ना, तेव्हापासून गुडघे जास्त धरलेत.

मी पेन थांबवलं. काकू, पुण्याला कधी गेला होतात?

त्यांना महिना आठवेना. म्हणून उठून भिंतीवरचं कालनिर्णय काढलं तर त्याच खिळ्याला मागे गेल्या वर्षीचंही होतं. बारीक बॉलपेननी गॅस लावल्याच्या तारखा, दुधाचे खाडे, आणि त्यातच "पुणे डोहाळजेवण", "धुळे मुंज", परत "पुणे", पुढे एका चौकोनात नुसतं "निघालो" आणि चार दिवसांनी "तुळजापूर". भाच्याचं लग्न झाल्यावर नवरानवरीबरोबर देवीला गेल्या होत्या. शून्य सांगणाऱ्या बाईच्या वर्षात महाराष्ट्राच्या चार ट्रिपा निघाल्या आणि त्यात नुसतं फिरायला म्हणून एकही नाही.

परत येताना डोक्यात तेच, की आपल्या टेबलात मग फिरणं एवढं आलं कुठून? रात्री ऑफिसात बसून फॉर्मच्या सूचना पहिल्या पानापासून वाचल्या आणि चूक सापडली, माझीच. त्या सर्व्हेत फिरणं, औषधोपचार आणि खरेदी यासाठीचे मुक्कामी प्रवास मागच्या 365 दिवसांचे विचारलेत, आणि नातेवाईक, लग्नकार्य, तीर्थयात्रा, कामधंदा, शिक्षण यांचे फक्त मागच्या 30 दिवसांचे. मी दोन्ही सरळ एकाच टेबलात बेरजेला घातले होते. वर्षाच्या शेजारी महिना!

तसं विचारणं बरोबरच आहे असं मला आता वाटतं. सुट्टीची ट्रिप वर्षाकाठी एखादी, ती एका महिन्याच्या जाळ्यात सापडणार नाही, पण लक्षातही राहते, आणि कार्याला जाणं इतकं अंगवळणी पडलेलं की आठ महिन्यांपूर्वीचं काकूंना कॅलेंडरशिवाय आठवलं नाही. शिवाय सर्व्हे वर्षभर चालला होता, त्यामुळे लग्नसराई आणि चातुर्मास दोन्ही त्यात आलेले आहेत, 30 दिवसांचे आकडे बारापट करून वर्षाचा अंदाज बांधता येतो. तसं केलं आणि टेबल उलटंपालटं झालं, नात्यागोत्याचा प्रवास बाकी सगळ्याच्या कितीतरी वर गेला. मुक्कामी प्रवासात सामाजिक कारण सगळ्यात मोठं हे त्या फेरीच्या अहवालातही स्पष्ट छापलेलं आहे, मी ते आधी पडताळायला हवं होतं.

सकाळी क्लायंटला फोन करून सांगितलं की कालचं टेबल रद्द समजा. ते चिडले, आणि त्यांचं चिडणं योग्यच होतं. पण मग मी काकूंच्या चार ट्रिपा एकेक करून सांगितल्या, तर थोडं थांबून म्हणाले, आमची आई पण असंच करते. टूरच्या बसचा विचार तिथेच मागे पडला आणि लग्नसराईत सेंधवा, धुळे मार्गे पुण्याला जादा गाड्या किती लागतील यावर बोलणं सुरू झालं.

आमच्या फॉर्ममधून पर्यटन हा शब्द मी त्याच दिवशी काढला. आता पहिला प्रश्न असा आहे, घरातलं कोणी बाहेरगावी मुक्कामाला गेलं होतं का, आणि त्याच्याखाली सर्व्हेवाल्या मुलांसाठी सूचना: भिंतीवर कॅलेंडर असेल तर आधी ते मागा, मागे जुनं टांगलेलं असेल तर तेही.