अंगठा लागत नाय

शिमग्याहून मुंबईला परतले आणि चौथ्या दिवशी माझ्या फोनने मला ओळखणं बंद केलं. अंगठा ठेवला की तो नुसता थरथरायचा आणि पुन्हा प्रयत्न करा म्हणायचा. अंगठा पदराला पुसला, साबणाने धुतला, उलटसुलट फिरवून पाहिला. शेवटी आकडे दाबून आत शिरले. मग खिडकीपाशी जाऊन अंगठा नीट बघितला. काळपट डाग, आणि त्याच्या मधोमध कडेने सुटत आलेला पापुद्रा, पावसाळ्यानंतरच्या भिंतीवरच्या चुन्यासारखा.

दोष ओल्या काजूचा. म्हणजे माझाच.

वेंगुर्ल्याकडे आमच्या घरी शिमग्याला गेलं की ओल्या काजूगरांची उसळ व्हायलाच हवी, आणि उसळ हवी तर बियांच्या टोपलीपाशी बसायलाही हवं. काकी आडाळ्यावर बी उभी चिरते, मी काडीने गर काढते. "आधी हाताक तेल लाव," असं ती दरवर्षी सांगते, आणि दरवर्षी मला तेलाची आठवण दहा-बारा बियांनंतर येते. तोवर चिकाने आपलं काम केलेलं असतं. बीच्या टरफलात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं असतात आणि ती या जहाल तेलाने भरलेली असतात. गर पळवायला येणाऱ्याला अद्दल घडावी म्हणून. आंबा, बिब्बा आणि काजू हे एकाच कुळातले. हापूस काढताना गालावर उडून जखम करणारा चीक, धोबी बिब्ब्याने कपड्यावर करायचा ती न जाणारी खूण आणि माझी सोललेली बोटं, ही सगळी एकाच घराण्याची करणी. काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांबरोबर आलेला. पण इथल्या भाऊबंदकीत असा मुरला की आता त्याला कोणी परका म्हणणार नाही.

सुटलेली कातडी ओढत बसण्यात एक सुख असतं. चारचौघांत कबूल करण्यासारखं नाही, पण असतं. लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली की माझा तोच उद्योग. एक पापुद्रा निघाला की खाली दुसरा, त्याखाली जरा गुलाबी, मग चहाचा कप धरला की चटका. तिथे थांबायचं.

जे ओढून काढत होते ते मेलेलंच होतं, एवढं समाधान. त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे चपट्या, निर्जीव पेशींची चळत, नख आणि केस ज्या केराटिनचे तेच त्यांच्यात भरलेलं. त्याखाली एक पारदर्शक थर, तो फक्त तळहात-तळपायांच्या जाड कातडीत. मग दाणेदार थर, मग काटेरी दिसणाऱ्या पेशींचा, आणि सर्वांत तळाशी एकच रांग, जिथे नव्या पेशी जन्मतात. तिथून निघालेली पेशी वर वर सरकते, वाटेत मरते, आणि साधारण महिनाभरात गळून पडते. आमच्याकडे पावसाआधी शाकारणीला माणूस छपरावर चढतो आणि वरून कौलं बदलतो. इथे कौलं जोत्यातून उगवून छपरापर्यंत चढत येतात. पापणीवर हे पाखं जेमतेम ०.०५ मिलिमीटर जाड, तळपायावर दीड मिलिमीटरपर्यंत.

काकीच्या तेलाचं म्हणणं मला नंतर पटलं. अंगभर त्वचेला तेल पुरवणाऱ्या ग्रंथी असतात, तळहात-तळपायांना मात्र त्या नाहीत. तिथे फक्त घाम. तेव्हा आपण सगळे जन्मतः कोरड्या हातांचे. बी फोडायची तर खोबरेल बाहेरूनच आणावं लागणार.

आणि ठसा? तो गेला नव्हता. बोटांवरच्या रेघा वरच्या कातडीत दिसतात, पण त्यांचा साचा खालच्या अंतस्त्वचेत असतो. तिथल्या उंचवट्यांच्या रांगांवर वरचे थर अंथरलेले असतात. हा साचा आईच्या पोटातच, सहाव्या महिन्याच्या आसपास पक्का झालेला असतो. जखम तिथवर पोचली नाही तर वरचं कितीही सोललं तरी तीच नक्षी परत उमटते.

सुश्रुताने त्वचेचे सात थर सांगितले (चरकाने सहाच मोजले). दूध आटताना साय धरते तशी गर्भावर त्वचा धरते, असं तो म्हणतो, आणि थरांची जाडी भाताच्या दाण्याने मोजतो: पहिली अवभासिनी दाण्याचा अठरावा भाग, सहावी रोहिणी एक दाणा, सातवी मांसधरा दोन दाणे. पाचवीचं नाव वेदिनी. चहाच्या कपाने चटका दिला तेव्हा मला तीच आठवली. हे त्याने पाहिलं कसं? प्रेत गवतात गुंडाळून नदीच्या संथ पाण्यात सात रात्री ठेवायचं आणि मग वाळा, केस, बांबू यांच्या कुंचल्याने हलके हलके घासत एकेक थर बघत जायचं. लोकलमध्ये बसून मी करत होते त्याची ही फार थोर आवृत्ती. गंमत म्हणजे, हे माप मांसल जागांचं, कपाळाला आणि बारीक बोटांना लागू नाही, असं तो स्वतःच बजावतो.

बोटांचा हिशेब निराळा हे काकीला कोणी सांगायला नको. १८९७ साली कोलकात्यात बोटांच्या ठशांची कचेरी निघाली, तेव्हापासून सरकारचा बोटांवर गाढ विश्वास. पण त्या बोटांनी चाळीस वर्षं बिया फोडल्या, भांडी राखेने घासली, चिरे उचलले असतील तर? मे महिन्यात तिच्याबरोबर रेशनवर गेले होते. तिने मशीनवर उजवा अंगठा ठेवला. "अंगठो लागत नाय," दुकानदार म्हणाला. डावा ठेवला. नाही. तर्जनी, मधलं बोट, पुन्हा पदराला पुसून तर्जनी. मागे रांग वाढत चाललेली, उकाड्याने जीव नकोसा. माझा फोन तोवर कधीच मला ओळखू लागला होता. काकी एकेक बोट पुढे करत करत शेवटी डाव्या करंगळीवर आली. मशीन वाजलं, चिठ्ठी बाहेर पडली.

काकीने करंगळी उलटसुलट करून बघितली.

"ही एकटीच आळशी रवली," ती म्हणाली, आणि तांदळासाठी पिशवी उघडून धरली.