फेडोरावर आवाज येतो पण चित्र काळं? प्लेअर बदलू नका

लिनक्सवर व्हिडिओ चालला नाही की बरेच जण आधी प्लेअर बदलतात, व्हीएलसी काढून एमपीव्ही टाक, तेही नाही जमलं तर अजून तिसरं काहीतरी शोध, आणि संध्याकाळ त्यातच जाते. बहुतेक वेळा प्लेअरमध्ये काहीच बिघडलेलं नसतं.

मावसबहिणीने साखरपुड्याचे व्हिडिओ पाठवले, आयफोनवर काढलेले. माझ्या फेडोरावर (लिनक्सचाच एक प्रकार) आवाज खणखणीत, सनई ऐकू येतेय, स्क्रीन मात्र काळीकुट्ट. एमओव्ही किंवा एमपीफोर हा नुसता डबा असतो, आत काय भरलंय ते झाकणावरून कळत नाही, म्हणून टर्मिनलमध्ये एफएफप्रोब, म्हणजे फाईलच्या आत काय आहे ते सांगणारी कमांड, लिहून पुढे फाईलचं नाव द्यायचं. माझ्याकडे उत्तर आलं: व्हिडिओ एचईव्हीसी, ऑडिओ एएसी, ही चित्र आणि आवाज दाबून लहान करायच्या पद्धतींची नावं. म्हणजे कोडं तिथेच सुटलं, कारण फेडोरा पेटंटच्या भानगडीमुळे एचईव्हीसी सोबत देत नाही, एएसीचा साधा प्रकार मात्र देतं. आयफोन तर २०१७ पासून, आयओएस ११ आल्यापासून, एचईव्हीसीमध्ये रेकॉर्ड करतोय, त्यामुळे हे प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येणारच.

उपाय सोपा आहे. आरपीएम फ्यूजनची रेपो (फेडोराबाहेरचा पॅकेजांचा साठा) चालू करायची आणि डीएनएफ या पॅकेज टाकायच्या-काढायच्या कमांडच्या स्वॅपने एफएफएमपेग-फ्री, म्हणजे व्हिडिओ उलगडणाऱ्या एफएफएमपेगची फेडोरातली अपुरी आवृत्ती, काढून पूर्ण एफएफएमपेग घ्यायचं. इथे पॅकेजं एकमेकांत अडकतात, तेव्हा अलाऊ-इरेझिंग हा पर्याय सोबत द्यायचा, पण एंटर दाबायच्या आधी काय काय उडणार आहे ती यादी नीट वाचा, प्लीज.

एवढ्यावर चित्र येतं. पण फॅन घोंघावतो आणि फोरके अडखळत चालतं, कारण सगळं काम सीपीयू करतोय. एएमडी कार्ड असेल तर फेडोराने २०२२ मध्येच मेसामधून (ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर) एच२६४ (एचईव्हीसीच्या आधीची पद्धत) आणि एचईव्हीसीचं हार्डवेअर डिकोडिंग, म्हणजे व्हिडिओ उलगडायचं काम सीपीयूऐवजी कार्डाने करणं, काढलंय, ते फ्रीवर्ल्ड नावाच्या पॅकेजातून परत मिळतं. मग व्हीएइन्फो, म्हणजे कार्डाला काय काय उलगडता येतं ते दाखवणारी कमांड, चालवायचं आणि यादीत एचईव्हीसी मेन दिसतंय का ते बघायचं. एमपीव्ही स्वतःहून हार्डवेअर वापरत नाही, त्याला कंट्रोल एच दाबून सांगावं लागतं, आणि आय दाबलं की खरंच हार्डवेअर चालू आहे का ते स्क्रीनवरच दिसतं. ही आय वाली सोय मला फार आवडते, अंदाज बांधत बसावं लागत नाही.

यादीत मेन (रंगांसाठी आठ बिट) आहे पण मेन टेन (दहा बिट) नाही असंही होतं. इंटेलच्या सहाव्या पिढीत आठ बिटचंच एचईव्हीसी हार्डवेअरवर चालतं, दहा बिटसाठी सातवी पिढी लागते, आणि आयफोन १२ पासूनचे एचडीआर व्हिडिओ दहा बिटचे असतात. तिथे कितीही पॅकेजं टाकली तरी फरक पडत नाही, चिपमध्येच नाही ते. अशा जुन्या लॅपटॉपसाठी एफएफएमपेगने एच२६४ मध्ये आठ बिटची वेगळी कॉपी काढून ठेवा, रंग थोडे फिके वाटतील, म्हणून मूळ फाईल डिलीट करू नका.