यॉर्कची पूर्व खिडकी आणि तिची निगा राखणारे हात

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या यॉर्क मिन्स्टर या भव्य चर्चच्या पूर्व भिंतीत एक खिडकी आहे. टेनिसच्या मैदानाएवढ्या तिच्या विस्तारात रंगीत काचेची ३११ तावदाने बसवलेली आहेत. कॉव्हेंट्रीच्या जॉन थॉर्न्टनने १४०५ साली तिचा करार केला. काम तीन वर्षांत पुरे करावे, आराखडा स्वतःच्या हाताने काढावा आणि त्याबद्दल ५६ पौंड मिळावेत, असे ठरले होते. त्याने मुदत पाळली. खिडकीच्या अगदी माथ्यावर १४०८ हे साल आजही आहे. या शहरात राहायला आल्यापासून थॉर्न्टनबद्दलचा माझा आदर वाढतच गेला आहे, परंतु ही खिडकी इतकी वर्षे जपणाऱ्या अनामिक कारागिरांविषयी मला त्याहूनही अधिक सांगावेसे वाटते.

या काचेचा रंग वरून दिलेला नसतो. काच वितळलेली असतानाच तिच्यात धातूंची भस्मे मिसळून निळी, हिरवी, तांबडी काच तयार करतात. चेहरा, केस, वस्त्रांच्या चुण्या मात्र कुंचल्याने काढल्या जातात. त्यासाठी काचेची पूड आणि लोखंडाचे किंवा तांब्याचे भस्म एकत्र घोटून काळपट लेप करतात आणि भट्टीत सुमारे ६५० अंशांवर तो काचेत कायमचा मुरवतात. इथल्या एका छोट्या कार्यशाळेत मी हे काम शिकते आहे. तिथे सर्वप्रथम शिकवतात ते लेप काढून टाकायला. काचेवर पातळ लेप पसरून तो वाळू द्यायचा आणि मग राठ कुंचल्याने, काडीच्या टोकाने किंवा सुईने हलकेच खरवडत गालावरचा, कपाळावरचा उजेड मोकळा करायचा. संतांच्या दाढीतला एकेक केस असाच सुईच्या टोकातून उतरलेला असतो. सोनेरी पिवळा रंग हवा असेल, तर काचेच्या मागच्या बाजूला चांदीच्या क्षाराचा लेप देऊन ती पुन्हा भाजतात.

हे तुकडे शिशाच्या खाचदार पट्ट्यांमध्ये बसवले जातात. बसवताना ते हलू नयेत म्हणून घोड्याच्या नालाचे खिळे ठोकून धरतात, मग सांध्यांना डाख लावतात आणि जवसाचे तेल व खडूची भुकटी यांचे लुकण फटींत भरतात. काच शतकानुशतके टिकते, पण शिसे शंभर-दीडशे वर्षांत थकते आणि बदलावेच लागते. त्या शिशाचे मोल १९८४ साली साऱ्या शहराने पाहिले. मिन्स्टरच्या दक्षिण बाजूला आग लागून तिथल्या गोल खिडकीची काच हजारो ठिकाणी तडकली, तरीही ती कोसळली नाही, कारण तिचे शिसे काही वर्षांपूर्वीच नवे घातलेले होते.

पूर्व खिडकीचे दुखणे वेगळे होते. पूर्वी काच तडकली की त्या तड्यावरून शिशाची आणखी एक पट्टी घालत. प्रत्येक दुरुस्तीत अशी भर पडत गेली आणि तळहाताएवढ्या चेहऱ्यावरही काळ्या रेघांचे जाळे पसरले. यॉर्क ग्लेझियर्स ट्रस्टच्या तज्ज्ञांनी २००८ ते २०१८ या काळात एकेक तावदान उतरवून त्या पट्ट्या काढल्या आणि तुकड्यांच्या कडा पारदर्शक राळेने जोडल्या. झिजलेल्या मूळ रेघा नव्याने गिरवण्याचा मोह त्यांनी टाळला. माझ्या मते या कलेची खरी कसोटी इथेच लागते, कारण उत्तम हात असलेल्या माणसाला तो आवरणे सर्वांत अवघड जात असावे.

मध्ययुगातली काच लाकडाच्या राखेपासून बनलेली असल्याने ओलावा तिला आतून पोखरतो आणि तिच्यावर बारीक खड्डे पडतात. म्हणून आता दगडी चौकटीत बाहेरून नवी, अतिनील किरण अडवणारी काच बसवली आहे आणि मूळ तावदाने थोडी आत घेऊन मधल्या पोकळीत चर्चमधली हवा खेळती ठेवली आहे. त्यामुळे पावसाचे पाणी किंवा दव आता जुन्या काचेपर्यंत पोहोचत नाही.

आपल्याकडे मुंबईत राजाबाई टॉवरखालच्या विद्यापीठ ग्रंथालयातल्या रंगीत काचांचेही गेल्या दशकात असेच जतन झाले. मुंबईकरांनी त्या एकदा सावकाश पाहाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एक चिंता मात्र राहते. तोंडाने फुंकून सपाट रंगीत काच बनवण्याचे कौशल्य ब्रिटनमधून नामशेष झाल्याची नोंद २०२३ साली झाली. त्याच वर्षी युनेस्कोने जर्मनी, फ्रान्स, चेकिया आदी सहा देशांतली हाताने काच घडवण्याची परंपरा मानवतेच्या अमूर्त वारशात समाविष्ट केली. यॉर्क विद्यापीठात काचेच्या जतनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. त्यातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना एखाद्या तुकड्याच्या जागी हाताने घडवलेली नवी काच हवी असेल, तर ती आता बव्हेरियातल्या वाल्डझासनसारख्या गावातून मागवावी लागते.